पहिली पंगत की दुसरी: क्रूझवरच्या रात्रीच्या जेवणाची वेळ

आमच्या पहिल्या क्रूझचे बुकिंग करताना केबिन कोणत्या डेकवर असावी आणि नुसती खिडकी हवी की बाल्कनी, यावर घरात तीन संध्याकाळी चर्चा चालली होती. त्याच अर्जात खाली रात्रीचे जेवण लवकर हवे की उशिरा, असा एक छोटा प्रश्न होता आणि त्याला आम्ही अर्धे मिनिटही दिले नाही. घरी आम्ही साडेआठच्या सुमारास जेवतो, म्हणून उशिराच्या चौकोनात खूण केली आणि पुढचे पान उघडले. केबिनच्या डेकचा विषय जहाजावर दुसऱ्या दिवसापासून कोणी काढला नाही, पण जेवणाच्या वेळेचा परिणाम सातही दिवस, दुपारी चारपासून मध्यरात्रीपर्यंतच्या प्रत्येक बेतावर होत राहिला. म्हणून आता कोणी ओळखीचे क्रूझला निघाले की मी सर्वांत आधी जेवणाची वेळ कोणती घेतली आणि ती कशावरून ठरवली, हे विचारते.

मोठ्या जहाजाच्या मुख्य भोजनकक्षात सगळे प्रवासी एका वेळी मावत नाहीत, म्हणून पूर्वापार तिथे दोन वेळा ठेवलेल्या असतात. लवकरची वेळ साधारण साडेपाच ते सहाच्या दरम्यान सुरू होते आणि उशिराची आठ ते साडेआठच्या दरम्यान. जहाजावर त्यांना अर्ली सीटिंग आणि लेट सीटिंग म्हणतात. आम्ही घरात पहिली पंगत आणि दुसरी पंगत असेच म्हणू लागलो, कारण एक पंगत उठते, टेबलक्लॉथ बदलले जातात, काटे-चमचे आणि पेले नव्याने मांडले जातात आणि त्याच खुर्च्यांवर दुसरे लोक येऊन बसतात, अशीच ती सारी व्यवस्था आहे. प्रवास संपेपर्यंत तुमचे टेबल तेच असते, शेजारी बसणारे तेच असतात आणि वाढणारा वेटर व त्याचा साहाय्यकही तेच असतात. एका जेवणाला दीड ते दोन तास लागतात, कारण सूप, मुख्य पदार्थ आणि गोड असे टप्प्याटप्प्याने येते आणि स्वयंपाकघर शेकडो ताटे एकाच वेळी भरत असते.

आमच्याबरोबर आई होती. तिला मधुमेह आहे आणि त्यावरची एक गोळी तिला जेवणाआधी घ्यावी लागते. घरी ती गोळी घेऊन पंधरा मिनिटांत पानावर बसते आणि हा क्रम वर्षानुवर्षे चुकलेला नाही. तिसऱ्या रात्री फॉर्मल नाइट, म्हणजे सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घालून जेवायला येण्याची रात्र, होती. आईने सवयीप्रमाणे पावणेआठला केबिनमध्ये गोळी घेतली, आम्ही तयार होऊन खाली आलो, दारापाशी छायाचित्रे काढण्यासाठी रांग होती, साडेआठला आत बसलो, मग कॅप्टनचे स्वागताचे छोटे भाषण झाले आणि त्यानंतर वेटरने मेनू हातात दिले. नऊ वाजून गेले तरी सूप यायचे होते. आईने मेनू दोन्ही हातांत धरला होता आणि त्याची वरची कड थरथरताना मला दिसली. भोजनकक्ष जहाजाच्या मागच्या बाजूला असल्यामुळे इंजिनाची थरथर तिथे थोडी जाणवते, तसेच काहीसे असेल असे मला वाटले. मग माझी नजर तिच्यासमोरच्या पाण्याच्या पेल्याकडे गेली, तर त्यातले पाणी अगदी स्थिर होते.

तिच्या कपाळावर घाम आला होता. पर्समधून ग्लुकोमीटर काढून तपासले तर साखर 64 होती. 70 च्या खाली गेली की ती कमी झाली असे धरतात. मी वेटरला हाक मारली आणि माझे वाक्य पूर्ण होण्याआधीच तो वळला व संत्र्याच्या रसाचा पेला आणि पावाची टोपली घेऊन आला. अशा वेळी सुमारे 15 ग्रॅम साखर पोटात जाईल असे काही द्यावे आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, हा नियम डॉक्टरांनी आम्हाला पाठ करून घ्यायला लावला होता. ती पंधरा मिनिटे मी घड्याळाकडे आणि आईच्या हातांकडे आळीपाळीने पाहत काढली. दुसऱ्या वेळी आकडा 92 आला आणि आई म्हणाली, “आता सूप येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेड वेटरला भेटून पहिल्या पंगतीत जागा मागितली. ती भरलेली होती आणि प्रतीक्षायादीत आमच्या पुढे बरेच लोक होते. त्याने मात्र आमच्या टेबलाच्या नोंदीवर काहीतरी लिहून घेतले आणि त्या संध्याकाळपासून आई खुर्चीत बसली की दोन मिनिटांत तिच्यापुढे सूप येऊ लागले. गोळी कधी घ्यायची हे आम्ही जहाजावरच्या डॉक्टरांना विचारले आणि ती केबिनमध्ये न घेता सूप समोर आल्यावर टेबलावरच घ्यायची, असे ठरले. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती बुफेमध्ये थोडेसे खाऊन घेई. उरलेल्या चार रात्री काहीही त्रास झाला नाही. वेटर रोज तोच असल्यामुळे त्याला पुन्हा काही सांगावे लागले नाही, हे मला फार मोलाचे वाटले. ठरावीक पंगतीचा खरा फायदा मला त्या चार रात्रींत कळला. ज्यांना एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे, पथ्य आहे किंवा जे ठरावीक प्रकारचेच अन्न खातात, त्यांनी कोणतीही पंगत घ्यावी, पण टेबल आणि वेटर कायम राहील एवढे जरूर पाहावे. अशा प्रवाशांना हेड वेटर बहुधा आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवशीचा मेनू दाखवतो आणि त्यातले काय चालेल, काय वेगळे करून हवे, हे लिहून घेतो.

दुसऱ्या प्रवासाच्या वेळी साहजिकच आम्ही विचार न करता पहिली पंगत घेतली आणि तिथे दुसरी चूक झाली. आईच्या दृष्टीने सारे उत्तम होते. पावणेसहाला जेवण, आठच्या आत उठणे, मग डेकवर सावकाश फेरी आणि दहाला झोप. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांना जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवायला सांगतात आणि ते अंतर पहिल्या पंगतीत आपोआप मिळते. दुसऱ्या पंगतीतून सव्वादहाला उठलेला माणूस सकाळी सातच्या सहलीसाठी जागा होणार असेल, तर त्याला झोप आणि पचन यांपैकी एकाला मुरड घालावी लागते.

पण त्या प्रवासात बंदरे जास्त होती आणि बंदराच्या दिवशी पहिली पंगत गैरसोयीची ठरते, हे आम्ही आधी लक्षात घेतले नव्हते. जहाज सहाला सुटणार असेल, तर प्रवाशांनी साधारणपणे अर्धा तास आधी परत यायचे असते आणि काही ठिकाणी त्याहूनही आधी. सहलीची बस पावणेपाचला धक्क्यावर सोडते, मग जहाजावर चढण्याची रांग, पिशव्यांची तपासणी, लिफ्टसाठी ताटकळणे. केबिनमध्ये पोचून अंघोळ आणि कपडे उरकायला जेमतेम वीस मिनिटे मिळतात. दुपारचे जेवण गावात दोन-अडीचला झालेले असल्याने भूकही नसते. मुलीच्या केसांतली वाळू तशीच राहिली आणि आम्ही टेबलावर जाऊन बसलो, असे दोनदा झाले. एका संध्याकाळी आम्ही सूप घेत असताना खिडकीबाहेरचा धक्का हळूहळू मागे सरकू लागला. दोर सोडले गेले होते आणि आम्हाला कळलेही नव्हते. बंदर सोडताना डेकवरच्या कठड्याला रेलून उभे राहणे, किनाऱ्यावरचे दिवे एकेक करून लागताना पाहणे, वाट दाखवणाऱ्या पायलटला उतरवून घ्यायला येणारी लहान होडी जहाजाला कशी बिलगते हे मुलीला दाखवणे, यासाठी तर मी क्रूझला जाते. त्या प्रवासात चार बंदरांपैकी तीन बंदरे आम्ही जेवणाच्या टेबलावरून सोडली आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हापासून मी जहाजाचे वेळापत्रक कागदावर छापून घेते आणि प्रत्येक दिवसापुढे जहाज किती वाजता सुटते आणि सूर्यास्त किती वाजता होतो, हे दोन आकडे लिहिते. पंगत कोणती घ्यायची, याचे बरेचसे उत्तर त्या दोन रकान्यांत मिळते. जहाज बहुतेक दिवशी पाच-सहाला सुटणार असेल, तर दुसरी पंगत घेतलेली बरी. समुद्रावरचे दिवस जास्त असतील आणि बंदरे कमी, तर पहिल्या पंगतीची घाई उरत नाही. सूर्यास्ताचा हिशोब ऋतू आणि अक्षांशाप्रमाणे बदलतो. अलास्काच्या किनाऱ्याने जून महिन्यात जाणाऱ्या जहाजावर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दोन्ही पंगती उजेडातच जेवतात आणि पहिल्या पंगतीला जेवणानंतर लांबलचक संध्याकाळ मिळते. कॅरिबियन समुद्रात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या आसपास बुडतो, म्हणजे पहिली पंगत नेमकी तेव्हाच आत बसलेली असते. तिथे दुसरी पंगत घेणाऱ्याला मावळतीचे रंग पाहून, मग सावकाश तयार होऊन खाली जाता येते.

लांबच्या प्रवासात आणखी एक गोष्ट येते आणि तिची कोणी आधी कल्पना देत नाही. जहाज पूर्व-पश्चिम जाऊ लागले की घड्याळे बदलतात. इंग्लंडमधले साउथॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पाच तासांचा फरक आहे आणि अटलांटिक ओलांडताना तो रोज एकेक तास करून भरून काढला जातो. पश्चिमेला जाताना रात्री घड्याळ एक तास मागे घेतात, झोप वाढते आणि सगळे खूश असतात. पण त्या संध्याकाळी साडेआठचे जेवण शरीराच्या हिशोबाने साडेनवाचे झालेले असते. पूर्वेला जाताना घड्याळ पुढे घेतात, तेही अनेकदा भर दुपारी बाराचा एक करून, आणि त्या दिवशी सहाची पंगत म्हणजे कालच्या घड्याळाने पाचची. दुपारचे जेवण उरकून उठतो न उठतो तोच रात्रीच्या जेवणाची वेळ होते. म्हणून पश्चिमेला जाताना पहिली आणि पूर्वेला जाताना दुसरी पंगत शरीराला अधिक मानवते, असे मला वाटते. ज्यांना गोळ्या आणि इन्सुलिन वेळेवर घ्यायचे आहे, त्यांनी तर या बदलाविषयी निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

लहान मुले बरोबर असली की लोक डोळे मिटून पहिली पंगत घेतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ते योग्यच आहे. आमची मुलगी आठ वर्षांची असताना मात्र आमचा अनुभव उलटा होता. पहिल्या पंगतीत दीड तास खुर्चीत बसून राहणे तिला नको होई, कारण त्याच वेळी मुलांच्या क्लबमध्ये तिच्या मैत्रिणी खेळत असत. काही कंपन्यांनी यावर चांगला मार्ग काढला आहे. डिस्नेच्या जहाजांवर दुसऱ्या पंगतीतल्या मुलांना आधी वाढतात आणि सुमारे पाऊण तासाने क्लबमधले कर्मचारी भोजनकक्षात येऊन त्यांना घेऊन जातात, म्हणजे मोठ्यांना उरलेले जेवण निवांतपणे करता येते. त्याच जहाजांवर प्रवासी रोज वेगळ्या भोजनगृहात जेवतात आणि त्यांचे वेटरही त्यांच्याबरोबर जागा बदलतात. ही कल्पना मला फार आवडते, कारण ओळखीचा माणूस न हरवता जागेचा पालट होतो.

पंगतींमधला वातावरणाचा फरकही लहान नाही. पहिल्या पंगतीला शेवटी उठावे लागते, कारण तासाभरात पुढचे लोक येणार असतात. वेटर तोंडाने कधी घाई करत नाही, पण शेजारच्या टेबलावरचे मीठ-मिरीचे डबे नीट लावले जाऊ लागतात, कॉफीचा कप रिकामा होताच उचलला जातो आणि गप्पा रंगलेल्या असतानाही आपण खुर्ची मागे सरकवतो. दुसऱ्या पंगतीत कोणी उठवत नाही. आमच्या पहिल्या प्रवासात टेबलावर एक वयस्क जोडपे होते, त्यांनी चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारातल्या कितीतरी गोष्टी गोडाच्या ताटल्या रिकाम्या झाल्यावरच सांगितल्या. पहिल्या पंगतीत आम्ही त्या ऐकल्या नसत्या. अर्थात त्या वेळी आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसांचा दिवस पहाटे न्याहारीने सुरू झालेला असतो आणि आपण उठल्यावर त्यांना उद्याची टेबले मांडायची असतात. म्हणून पंगत कोणतीही असो, वेळेवर पोचणे हे मी कर्तव्य मानते. टेबलावरचा एक माणूस पंचवीस मिनिटे उशिरा आला, तर बाकीच्यांचे सूप थांबते किंवा वेटरला स्वयंपाकघरात दुप्पट खेपा घालाव्या लागतात. काही जहाजांवर ठरलेल्या वेळेनंतर थोड्याच वेळात दार बंदही करतात.

थिएटरमधल्या शोची फारशी चिंता करू नये. दोन्ही पंगतींना पाहता येईल अशा बेताने बहुधा दोन खेळ ठेवलेले असतात. शेवटच्या रात्रीचे मात्र ध्यानात ठेवावे. मोठ्या बॅगा त्या रात्री साधारण दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि दुसऱ्या पंगतीतले लोक तेव्हा नुकते टेबलावरून उठत असतात. त्यामुळे सामान जेवणाला जाण्यापूर्वीच बांधावे लागते आणि जेवताना अंगावर असलेले कपडे व बूट हातातल्या पिशवीत मावतील, एवढी जागा राखावी लागते.

आता कोणी विचारेल की ठरावीक वेळ हवीच कशाला. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली ठरावीक पंगती आणि ठरावीक टेबले काढून टाकली आणि त्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी पंगतींच्या जोडीला हव्या त्या वेळी जेवण्याची सोय सुरू केली. तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे सात-सव्वासातची वेळ, जी दोन्ही पंगतींच्या मधल्या फटीत हरवलेली असते आणि जी बऱ्याच जणांच्या भुकेची खरी वेळ असते. पण सगळ्यांना तीच हवी असल्यामुळे त्या सुमाराला दारापाशी रांग लागते आणि ज्याच्या पोटात गोळी गेली आहे, त्याच्यासाठी अनिश्चित रांग ही उशिराच्या पंगतीहून वाईट. ही सोय घ्यायची असेल, तर पहिल्याच दिवशी पुढच्या सगळ्या रात्रींसाठी एकच वेळ राखून ठेवावी आणि शक्य असल्यास एकाच वेटरचे टेबल मागावे. मिळाले तर उत्तमच, कारण मग पंगतीची निश्चिती आणि आपल्या सोयीची वेळ दोन्ही साधते.

पंगत बदलून हवी असेल, तर तेही पहिल्याच दिवशी करावे. जहाजावर चढल्या दुपारी हेड वेटर किंवा त्याचे सहकारी ठरलेल्या जागी एवढ्यासाठीच बसलेले असतात आणि त्या दोन तासांत जे जमते ते तिसऱ्या दिवशी जमत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. कारण एका वाक्यात सांगावे, विशेषतः ते आरोग्याचे असेल तर, आणि बदल लगेच होणार नसेल तर प्रतीक्षायादीत नाव घालून तोवर काय सोय होऊ शकेल, हे तिथेच विचारावे.

या वर्षाअखेरीच्या प्रवासाचा अर्ज गेल्या रविवारी भरायला घेतला. केबिनचा निर्णय पाच मिनिटांत झाला. जेवणाच्या वेळेचा प्रश्न आला तेव्हा माझे पती म्हणाले, “आईंसाठी पहिली पंगतच घेऊ.” आईने चष्मा लावला, छापलेल्या वेळापत्रकाचा कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि सुटण्याच्या वेळांच्या रकान्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, “पाच दिवस जहाज सहालाच सुटतंय. दुसरी घ्या, आणि माझं सूप आधी आणायचं तेवढं पहिल्याच दिवशी सांगून ठेव.”